वर दिसलं पाहिजे

गावपातळीवर काम करणाऱ्या माणसाला सध्या एकच धास्ती असते, काम वर दिसतंय की नाही. झालं की नाही, हा प्रश्न नंतरचा. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात सकाळच्या पारी एक चक्कर मारली तरी हे गाऱ्हाणं निरनिराळ्या दारांत ऐकू येतं. अंगणवाडीताई हात उंच करून रेंज शोधत म्हणतात, "फोटो गेला, पण वर दिसंना." रेशनचे मामा मशीनकडे डोळे लावून म्हणतात, "अंगठा आलाय, वर दिसू द्या, मग धान्य मापतो." रोजगार सेवक तर कोणी न विचारताच सांगून टाकतो, "आपल्याकडनं गेलंय, वरच अडकलंय." हे वर म्हणजे केज, बीड का मुंबई, या भानगडीत कोणी पडत नाही. कुठंतरी एका थंडगार खोलीत भिंतीएवढा पडदा आहे, त्यावर प्रत्येक गावाच्या नावापुढं हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका आहे आणि आपला ठिपका लाल होता कामा नये, एवढं मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं.

पूर्वी साहेब तपासणीला यायचा तो वर्षातून एखाद्या वेळी, जीपमधून, धूळ उडवत. आदल्या रात्री रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागायचा, शाळेत सडासंमार्जन व्हायचं, दप्तरातल्या तारखा एकमेकींशी जुळायच्या आणि ग्रामसेवक आपल्या गावात मुक्कामी राहतो, हे गावाला त्या दिवशी कळायचं. जेवण करून, शेरा मारून साहेब गेला की चुना पुढच्या पावसापर्यंत टिकायचा. शिस्त तेवढीही टिकायची नाही. 'सीआर खराब करीन' ही गोपनीय अहवालाची धमकी वर्षातून एकदाच ऐकावी लागायची, त्यामुळं तिचा धाकही सणासारखा यायचा आणि जायचा. आता साहेब रोज येतो. खिशातच असतो. दिवस उजाडला की ग्रुपवर 'सुप्रभात'च्या फुलांखाली पिछाडीवरच्या गावांची यादी पडते, तिच्याखाली 'सर्वांनी गांभीर्याने नोंद घ्यावी' आणि त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. या रांगेत कोणाचे हात आले नाहीत, तेही कोणीतरी मोजत असावं, अशी मला दाट शंका आहे.

मोजमापाचं म्हणाल तर आमच्या भागातल्या माणसाला त्यातलं बाहेरून येऊन कोणी शिकवावं, असं काही उरलेलं नाही. १९७२च्या दुष्काळात मराठवाडा खडी फोडायला आणि तलावाची माती उपसायला उतरला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीनं त्या दिवसांत लोकांना जगवलं. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये दिल्लीनं देशभरासाठी त्याच वळणाचा कायदा केला, तोच पुढं मनरेगा. त्या जुन्या कामांवर मातीच्या मापावर मजुरी निघायची. खड्ड्यात मध्येच मातीचा एक खांब न खणता ठेवायचा, त्याच्या उंचीवरून खोली धरायची, खोलीवरून पैसे. आता ज्या माणसाचं आयुष्य माती उपसण्यात चाललंय, त्याला माती चढवायला असा कितीसा वेळ लागणार? रात्रीतून खांबाच्या डोक्यावर पाटीभर माती थापली, वर हराळीचं ढेकूळ नीट बसवलं, की सकाळी खड्डा आपोआप खोल. जुनी माणसं हे अजून हसत हसत सांगतात. माप घेणाऱ्या मिस्त्रीलाही ते ठाऊक असायचं. तो खांबाला काठी मारून बघायचा, वरचं ढेकूळ उडवायचा आणि मग मधल्या कुठल्यातरी आकड्यावर दोघांचं जमायचं. मिस्त्री त्याच उन्हात उभा असल्यामुळं हा आकडा बऱ्यापैकी माणसात असायचा.

पन्नास वर्षांनी काठीच्या जागी मोबाइल आला. १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या कामांवर मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो काढून वर पाठवणं देशभर सक्तीचं झालं. आता खोटी हजेरी संपली, असं वरच्यांना वाटलं. पण जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढावं लागलं. लोक कामाशी संबंध नसलेले फोटो चढवतात, फोटोचाच फोटो काढून पाठवतात, हजेरीतल्या बाया-पुरुषांचा आकडा फोटोतल्या माणसांशी जुळत नाही, सकाळची माणसं दुपारी वेगळीच दिसतात, असं सगळं त्यात नोंदवलेलं आहे. सरकारी परिपत्रक इतकं वाचनीय क्वचितच असतं. उपाय काय, तर गावपातळीवर प्रत्येक फोटो माणसानं आपल्या डोळ्यांनी तपासायचा. म्हणजे काठीवाला मिस्त्री परत आला म्हणायचा. फरक इतकाच की आता तो खड्ड्याऐवजी खड्ड्याच्या फोटोकडं बघतो, आणि फोटोला काठी मारता येत नाही.

अंगणवाडीचं प्रकरण याहून नाजूक. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आलं आणि हजेरी, वजन, उंची, आहार असं सगळं ताईंनी त्यात भरायचं ठरलं. सरकारनं दिलेले मोबाइल आधीच तापायचे, अडकायचे, त्यांच्या पोटात जागा नसायची, वर ॲप इंग्रजीत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यात ठिकठिकाणी अंगणवाडी सेविकांनी ते मोबाइल गोळा करून कार्यालयांच्या दारात नेऊन परत केले. मला हे आंदोलन फार आवडलं. एरवी माणसं काम टाकून बसतात. या बायांनी यंत्र टाकलं.

पुढं भाषा सुधारली, मोबाइल सुधारले, मागण्याही वाढल्या. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा यंत्रानं ओळखणं सक्तीचं झालं. आता अंगणवाडीच्या दारात काय चालतं ते बघण्यासारखं असतं. ताई मोबाइल धरून उभ्या, समोर कडेवर पोर घेतलेली एक लेकुरवाळी.

"पदर मागं घे माय."

घेतला.

"जरा उजेडात ये."

आली.

"आता डोळे मिचकव."

चारचौघांत, सासऱ्याच्या वयाची माणसं पारावर बसलेली असताना डोळे मिचकव म्हटल्यावर ती लाजून हसते. आणि ती हसली की यंत्र म्हणतं, चेहरा जुळत नाही. बरोबरच आहे. आधार कार्डाच्या फोटोत आजवर हसलंय कोण? पुन्हा चेहरा गंभीर करायचा, पुन्हा डोळे मिचकवायचे. हेही नाही जमलं आणि नोंदच नव्यानं करायची पाळी आली तर ओटीपी. तो जातो नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि नवरा उसाची खेप घेऊन कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टरवर बसलेला. त्याला फोन लावायचा, तो आकडे वाचणार, मागं भोंगे वाजणार, "आठ का साठ?" असं तीनदा विचारून होईतो मुदत संपणार.

या सगळ्या वेळात ते कडेवरचं पोर गेल्या महिन्यापेक्षा हलकं झालंय, हे ताईंनी केव्हाच ताडलेलं असतं. वर्षानुवर्षं पोरं उचलणाऱ्या हाताला ते कळतं. ॲपात वजनाचा रकाना आहे, त्यात आकडाही जातो. पण पोर रात्री रडतं का, दूध सुटलंय का, घरात सासू काय म्हणते, हे विचारायला जो पाव तास लागतो, तो चेहरा जुळवण्यात खर्ची पडला. रांगेत मागं अजून चौघी उभ्या असतात.

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, गाडीत भांडीकुंडी आणि पोरं. अंगणवाडीतली बरीच नावं एका आठवड्यात दिसेनाशी होतात आणि गावाची टक्केवारी घसरते. खरं तर बीड जिल्ह्याची याहून खरी बातमी कुठल्याही पडद्यावर दिसणार नाही. ती वाचून कोणीतरी विचारायला हवं की ही पोरं गेली कुठं, तिथं त्यांना कोण खायला घालतं. विचारणा होते खरी, पण ताईंना होते. तुमची हजेरी कमी का?

यंत्राच्या नावानं मी खडे फोडतोय, असं वाटू देऊ नका. याच कोयतेवाल्यांसाठी दुसऱ्या एका यंत्रानं मोठं काम केलंय. रेशनच्या दुकानातल्या मशीनचं आणि ऊसतोड कामगाराच्या बोटांचं तसं वाकडं. पाचट आणि कोयत्यानं बोटांवरच्या रेषा पार झिजून जातात. अंगठा लागत नाही म्हणून दुसरं बोट, ते पदराला पुसून, मग डोक्याच्या तेलावर घासून, मग डाव्या हाताचं. दुकानात बसलेल्या प्रत्येकाकडं यावर एकेक तोडगा असतो आणि तो मोठ्यानं सांगायची मुभा असते. पण एकदा का बोट जुळलं, की तोच अंगठा कोल्हापूर-सांगलीकडं फडाजवळच्या दुकानात चालतो आणि कर्नाटकातही चालतो. २०१९ मध्ये सुरू होऊन पुढं देशभर गेलेल्या 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेनं हे साधलं. एरवी सहा महिने परमुलखात असलेल्या माणसाचं धान्य गावात बिनबोभाट 'उचललं' जायचं. कोण उचलायचं, हे विचारायची पद्धत नव्हती.

मग एक यंत्र माणसाच्या उपयोगी का पडतं आणि दुसरं जिवाला घोर का लावतं? माझं उत्तर दुधाच्या डेअरीवर सापडलं. डेअरीत पूर्वी फॅट काढणारा माणूस आत बसून आकडा सांगायचा, आणि त्याची मर्जी फिरली की म्हशीचं दूध बघता बघता गाईचं व्हायचं. आता दूध घालणाऱ्याच्या तोंडासमोर आकडा उमटतो आणि चिठ्ठी त्याच्या हातात पडते. डेअरीवाल्याचा स्वभाव आहे तोच आहे. यंत्राचं तोंड तेवढं फिरलं. याच्या उलट साखर कारखान्याचा वजनकाटा. उसाची गाडी बाहेर, आकडा आतल्या खोलीत. काटामारीवरून शेतकरी संघटनांनी वर्षानुवर्षं रान उठवलं, पण काटा उखडून टाका असं त्यात कोणी म्हटलं नाही. आमच्या उसाचं वजन बाहेरच्या काट्यावर करून आणू द्या, एवढीच मागणी होती.

कर्मचाऱ्यांच्या कामाला आपण गेल्या काही वर्षांत जे काटे बसवले, त्यातल्या बहुतेकांचं तोंड वरच्या अंगाला आहे. ज्याच्यासाठी काम करायचं, तो काट्याच्या पाठीमागं उभा. साहजिकच कर्मचारीही तिकडंच तोंड करून उभा राहतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही राहिलो असतो, पगार तिकडून येतो. २०१४ मध्ये जनधन खाती निघाली, शून्य रकमेच्या खात्यांचा आकडा वर्तमानपत्रांत गाजू लागला, तेव्हा बँकांवर तो खाली आणायचा दट्ट्या आला. २०१६ मध्ये बातम्या झळकल्या की काही शाखांतल्या कर्मचाऱ्यांनी खात्यांत एकेक रुपया भरून ती शून्यातून वर काढली, प्रसंगी पदरमोड करून. खातेदाराला पत्ता नाही. आपल्यावर असा उपकार झाल्याचं त्याला पेपरातून कळलं. हा काही आपलाच गुण आहे असं नव्हे. इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाचा चार तासांच्या आत निकाल लावायचा, असं २००४च्या सुमारास ठरलं. अभ्यासकांनी नोंदी काढून पाहिल्या तर चार तास भरत आले की रुग्ण हलवायची एकच झुंबड उडत होती. आपल्याकडं २०१६च्या नोव्हेंबरात शिक्षकांनी दर सोमवारी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून पाठवावा, असा फतवा निघाला होता. शिक्षकांनी इतका दंगा केला की तो बारगळला. नाहीतर एव्हाना मराठीच्या तासाला मुलांना हसरा चेहरा करण्याचे गुण मिळाले असते.

आता जिथं काटा आपल्याकडं वळला, ते बघा. २०१५ साली राज्यात लोकसेवा हक्काचा कायदा आला. दाखल्याला अमुक दिवस, प्रमाणपत्राला तमुक दिवस, मुदत उलटली तर अपील, आणि कारण नसताना काम रखडवलं तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. आपली जनता आणि आपलं कार्यालय, दोघंही याला पुरून उरतील अशीच आहेत. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी अर्जावर 'त्रुटी' निघते. कागद अस्पष्ट, सही आडवी, फोटोत कान दिसत नाही. अर्ज निकाली, मुदत पाळली, ठिपका हिरवा. अर्जदार पुन्हा रांगेत, आणि मुदतीचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. तरीही हा कायदा मला आपला वाटतो, कारण तारखेची पावती अर्जदाराच्या खिशात असते आणि ती काढून टेबलावर आपटता येते. पावती आपटण्याचा आवाज अजून कुठल्या ॲपला काढता आलेला नाही.

सातबाऱ्याचं तर सोनं झालं. तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गाव अजून तलाठीच म्हणतं. त्याची गाठ पडावी म्हणून एके काळी तीन-तीन चकरा व्हायच्या, आणि गाठ पडली की दप्तर दुसऱ्या सज्जावर असायचं. आता डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाइलवर येतो. इथं तलाठ्याची हजेरी कोणी मोजली नाही, त्याला गुण दिले नाहीत की यादीत पिछाडीवर टाकलं नाही. त्याच्या हातातलं एक काम काढून माणसाच्या हातात दिलं, एवढंच. चकरा वाचल्या, आणि खरं सांगायचं तर तलाठीही सुटला. या सुटकेवर सरकारला पुरतं समाधान मिळालं नाही, म्हणून २०२१च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणीचा फोटो शेतकऱ्यानंच काढायचा, असं ठरलं. चावडीत बसून सगळ्या शिवारात सोयाबीन लिहिणं बंद झालं, हे उत्तम. आता शेतकरी भर दुपारी स्वतःच्या बांधावर उभा राहून मोबाइलला पटवून देतो की मी माझ्याच शेतात आहे.

युसूफ वडगावला पोलीस ठाणं आहे, त्यामुळं आसपासच्या खेड्यांतली माणसं तिथं कज्जे घेऊन येतात. २०२५ मध्ये बीड जिल्ह्याच्या पोलीस दलानं एक छोटीच गोष्ट केली. टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावं काढली, नुसतं पहिलं नाव ठेवलं. जिल्ह्यातलं वातावरण तेव्हा जातीपातीवरून किती तापलेलं होतं, ते इथं सांगायची गरज नाही. फिर्याद घेऊन आलेला माणूस खुर्चीवर टेकायच्या आधी पाटी वाचतो, आडनाव वाचतो आणि आपलं काम होणार की नाही याचा हिशेब मनात मांडून मोकळा होतो. पाटी बदलली म्हणून माणूस बदलतो, इतका मी भोळा नाही. पण ना सर्व्हर, ना पासवर्ड, ना टक्केवारी, आणि पाटीचं तोंड मुळातच येणाऱ्याकडं. एवढ्या स्वस्तातली सुधारणा एखाद्या बैठकीत सुचली कशी, याचं मला अजून नवल वाटतं.

खाजगी धंद्यात यातलं काही नसतं, तिथं गिऱ्हाईक म्हणजे देव, असं समजणाऱ्यांसाठी आमच्या ओळखीतल्या एका आबांची हकिगत. त्यांनी मोटारसायकल सर्व्हिसिंगला टाकली होती. गाडी परत देताना मिस्त्री पोरगा हळूच म्हणाला, "आबा, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा सांगा बरं का."

"आन् नऊ सांगितले तर?"

"नऊ म्हंजी नापास. माझे पैसे कटतेत."

"आवं, आमच्या नातवाला साठ टक्के पडले तव्हा पेढे वाटले आम्ही."

दोन दिवसांनी फोन आला. पलीकडं गोड आवाजाची मुलगी. आबांनी प्रश्न पुरा होऊ न देताच दहा देऊन टाकले. मुलीनं आभार मानले आणि काही सूचना आहे का, असं विचारलं.

"सूचना काय नाही बाई. मागचा ब्रेक तेवढा लागत नाही."

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "सर, मग गुण कमी करू का?"

"छ्या, गुण कशाला कमी करता? लेकराचे पैसे कटतेत. तुम्ही दहाच ठेवा. ब्रेकचं मी सांगतो त्याला."

"धन्यवाद सर. तुमचा दिवस शुभ असो."

आबा पाय टेकवत टेकवत गाडी घेऊन गेले. पोरानं हातातलं काम बाजूला ठेवलं, खाली बसला, नट आवळला, चाक फिरवून बघितलं, स्वतः बसून एक चक्कर मारून आला. ना जॉबकार्ड, ना बिल, ना वर काही गेलं. हात पुसता पुसता त्यानं विचारलं, "आबा, फोन आलता का?"

"आलता," आबा म्हणाले, "पास झालास."